तिसऱ्या दिवशी कुदळ

संशोधन या शब्दाचा आपल्याकडे मोठा दरारा आहे. संशोधन म्हटलं की प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या, जाड भिंगाचा चष्मा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मी बी.ए. होऊन कवितेच्या वाटेला लागलेला माणूस, माझीही समजूत याहून फार वेगळी नव्हती. पण आमच्या घरातली एक मुलगी, माझी भाची, संशोधनासाठी आफ्रिकेत गेली. तिच्या प्रयोगशाळेला छप्परच नव्हतं. ती होती समुद्रात, गुडघाभर पाण्यात.

भाची मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी. टांझानियाचा भाग असलेल्या झांजिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे, जाम्बियानी अशी गावं आहेत. तिथल्या बायका समुद्रात शेती करतात, शेवाळाची शेती! तिथे त्याला म्वानी म्हणतात. १९८९च्या सुमारास ही शेती तिथे सुरू झाली. उथळ पाण्यात वाळूत खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोर ताणायचे आणि दोरांवर शेवाळाचे तुकडे बांधायचे. सहा-सात आठवड्यांत पीक तयार. ते उन्हात वाळवून व्यापाऱ्याला विकायचं. पुढे परदेशी कारखान्यांत त्यातून एक चिकट द्रव्य काढतात. आपल्या टूथपेस्टला आणि आइस्क्रीमला जो दाटपणा असतो, त्यात अशा शेवाळाचाही वाटा असतो. सकाळी दात घासताना आपल्याला त्या बायकांचा पत्ताही नसतो.

अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती कागदांशी. झांजिबार सरकारचा परवाना, मग जिल्ह्याचा शिक्का, मग गावच्या शेहाची, म्हणजे मुखियाची, संमती. ‘मामू, निम्मं संशोधन तर बाकड्यावर बसून झालं,’ असं ती फोनवर म्हणाली होती.

भाषेचा मात्र तिला आनंद झाला. स्वाहिली शिकायला बसली आणि जागोजागी ओळखीचे चेहरे भेटू लागले. खबर तिथे हबारी, दुकान दुका, वक्त वकाती, दुनिया दुनियाच! काही शब्द अरबीतून गेले, काही फारसीतून, काही आपल्याच किनाऱ्यावरून. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून गलबतं तिकडे जायची आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत यायची. मालाबरोबर शब्दांचीही ने-आण झाली. पण शब्द तिथे नुसते पाहुणे म्हणून राहिले नाहीत. किताबचं झालं किताबू, आणि अनेकवचन काय, तर विताबू! अरबी शब्दाला त्यांनी आपल्या व्याकरणाचे कपडे घातले. माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून कविता ऐकल्याचं सुख मिळालं.

घड्याळही तिथलं वेगळं. दिवस मोजायचा सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. आपल्याकडेही पूर्वी सूर्योदयापासूनच घटका मोजत. आणि शेवाळाच्या शेतीत तर घड्याळाला कोणी विचारतच नाही. तिथे हुकूम चंद्राचा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी दूरवर जाते, तेव्हाच शेत उघडं पडतं. कोकणातल्या कालवं काढणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर असे शब्द ओळखीचे, चंद्र ओळखीचा, गावात पाच वेळची अजान. भाचीला वाटलं, आपण लवकर आपलेसे होऊ. पण लोकांच्या लेखी ती होती म्हिंदी, म्हणजे हिंदी माणूस. त्या शब्दाला तिथे इतिहास आहे. हिंदी माणूस म्हणजे दुकानदार, सावकार. एकोणिसाव्या शतकात झांजिबारच्या जकातीचा मक्ता कच्छी व्यापाऱ्यांकडे असे. जानेवारी १९६४मध्ये तिथे क्रांती झाली, तेव्हा अरबांबरोबर हिंदी लोकांनाही त्या रोषाची झळ पोचली. आपण कोणाचे वारस म्हणून ओळखले जातो, हे परक्या अंगणात उभं राहिल्यावर कळतं. तिथे आपलं नाव आपण ठेवत नाही.

पहिले काही दिवस ती प्रश्नावली घेऊन दारोदार फिरली. दारात ‘होडी’ म्हणून साद घालायची, आतून ‘करिबू’ म्हणजे ‘या’ असं उत्तर येतं. चहा मिळायचा, हसणं मिळायचं, उत्तरं मात्र दोन शब्दांची. अखेर एका वयस्क बाईंनी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, ‘बाळ, तुझ्याआधीही आले होते. नावं लिहून नेली, फोटो काढले. पुढे काय लिहिलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही.’

मग त्यांनी एक म्हण सांगितली. स्वाहिलीत ती सर्वांच्या तोंडी आहे. पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आणि कुदळीऐवजी त्यांनी तिच्या हाती दोर दिला.

भाचीने कागद बाजूला ठेवला. ओहोटीबरोबर त्यांच्यामागे चालत गेली, पाण्यात वाकून शेवाळ बांधायला शिकली. खाऱ्या पाण्याने बोटांना चिरा पडल्या, कंबर धरली. आणि जे प्रश्नावलीला मिळालं नव्हतं, ते गाठी मारता मारता मिळू लागलं. जास्त भाव देणारी शेवाळाची जात उथळ पाण्यात आता नीट जगत नाही, पाणी तापतं आणि ती पांढरी पडून तुटते. जी टिकते तिला भाव कमी. खोल पाण्यात लावावी तर बहुतेक जणींना पोहता येत नाही. तरी त्या शेती सोडत नाहीत, कारण तो पैसा त्यांच्या हातात येतो. त्यातून पोरांची वह्या-पुस्तकं येतात, घराला पत्रा येतो. ‘तुम्हाला उत्पन्न किती?’ या प्रश्नाला हे उत्तर कधीच आलं नसतं.

निघण्यापूर्वी तिने एक काम केलं. आपल्याला काय समजलं ते साध्या स्वाहिलीत लिहून काढलं आणि बायकांना जमवून वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी तिला अडवलं, ‘हे असं नाही’ म्हणून दुरुस्त केलं. एक गोष्ट लिहू नकोस म्हणाल्या, ती तिने खोडली. विद्यापीठाची परीक्षा व्हायची होती ती होईलच. पण माझ्या मते तिची खरी तोंडी परीक्षा त्या अंगणात झाली.

आपण सगळेच कुणाकडून तरी काही घेऊन लिहीत असतो. पत्रकार घेतो, अभ्यासक घेतो, कवी तर सर्वांत जास्त घेतो. दुसऱ्याचं दुःख आपल्या वहीत आलं म्हणजे ते आपल्या मालकीचं होत नाही. आमच्या घरात त्यासाठी एक शब्द आहे, अमानत. विश्वासाने ठेवायला दिलेली, जशीच्या तशी परत करायची वस्तू. मी भाचीला विचारलं, तिकडे याला काय म्हणतात? ती म्हणाली, ‘अमाना.’

गलबतांनी नेलेल्या शब्दांत हाही एक होता. तो दोन्ही किनाऱ्यांवर आहे. आता तो पाळायचा तेवढा राहिला आहे.