देवाचे वस्त्र
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, कळस चढला. आता प्रश्न आहे तो नित्यसेवेचा. षोडशोपचार पूजेत स्नानानंतरचा सातवा उपचार वस्त्राचा. अशा समारंभात देवाला शेले, शालू, पीतांबर भक्तिभावाने अर्पण होतात. त्यांचे पुढे काय करायचे, हे गावाने आजच ठरवावे.

घरच्या पूजेत आजी कापूस पिंजून, दुधाच्या बोटाने वळून, कुंकू लावून जी कापसाची वस्त्रे करते, तीही देवाचे वस्त्रच मानली जातात. म्हणजे हा उपचार किमतीवर अवलंबून नाही. मजुरी करणाऱ्या माउलीचा खण आणि धनिकाचा भरजरी शालू देवापुढे एकाच पंगतीला बसतात.

वस्त्र वाहणे सोपे, ते ऋतुमानाने नेसवणे हीच सेवा. पंढरपूरला विठुरायाला थंडीत शाल, रजई व कानपट्टी असते. वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत पांढरा पोशाख असतो. उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतात. देवाला घरातल्या वडीलधाऱ्याप्रमाणे जपायचे, हाच त्यामागचा भाव.

देवाच्या अंगावरून उतरलेले वस्त्र हा प्रसाद होय. कोल्हापूरच्या अंबाबाईला नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून मानाचा शालू येतो. या शालूचा पुढे जाहीर लिलाव झालेला आहे. प्रसाद भाविकाच्या घरी गेला, रक्कम देवस्थानाकडे जमा झाली आणि सर्व व्यवहार चारचौघांसमोर झाला. याउलट पेटीत कसर लागलेला शेला दात्याच्या मनात संशय पेरतो आणि पुजाऱ्यावर विनाकारण बोट रोखले जाते.

म्हणून आलेल्या प्रत्येक वस्त्राची वहीत नोंद व्हावी. रोजच्याला धुवट सुती वस्त्र, सणाला रेशमी असा पाठ ठेवावा. नायलॉनसारखे कापड निरांजनाच्या ज्योतीने वितळून चिकटते, ते गाभाऱ्यात नसावे. दमट हवेत जर काळवंडते, म्हणून जरीची वस्त्रे कोरड्या पेटीत ठेवून अधूनमधून वारा द्यावा. वर्षातून एकदा उतरलेली वस्त्रे गावासमोर काढावीत. काहींचा लिलाव करावा, काही गरजू लेकी-सुनांना प्रसाद म्हणून द्यावीत.

दगडाचे मंदिर एकदा बांधून होते. विश्वासाचे मंदिर मात्र रोज बांधावे लागते. देवाच्या वस्त्राची घडी नीट राहिली, तर गावाचीही घडी नीट राहील.