बैल तोच, कुरण वेगळं



गोमांसासाठी पाळलेल्या गुरांवर बोलणार म्हटल्यावर दोघा-तिघांनी "दुसरा विषय नाही का मिळाला?" असं विचारलं. पण आपल्या पार्ट्यांमध्ये "हे जीन्समध्येच असतं हो" हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं, की जिथे जीन्स खरोखर मोजून निवडले जातात, तिथला अनुभव सांगावा असं वाटलं.

माँटाना राज्यातल्या माइल्स सिटी इथल्या सरकारी संशोधन केंद्रात १९३४ पासून हेरफर्ड गुरांचा एक कळप जपलेला आहे, 'लाइन १'. (गाईचा जीनोम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच कळपातल्या डॉमिनेट नावाच्या गाईचा.) दुसरा हेरफर्ड कळप फ्लोरिडात ब्रुक्सव्हिलला होता. माँटानात कोरडी हवा आणि कडाक्याचा हिवाळा, फ्लोरिडात दमट उकाडा. १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी दोन्ही कळपांतली काही गुरं एकमेकांच्या ठिकाणी पाठवली आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. माँटानात माँटानाच्या कळपाची वासरं भारी ठरली, फ्लोरिडात फ्लोरिडाच्या. म्हणजे क्रमच उलटा झाला! फ्लोरिडात गेलेल्या माँटानाच्या गाई गाभण राहण्यातही स्पष्ट मागे पडल्या. ब्रीड एकच, तरी कुठला कळप 'चांगला' हे जागा सांगितल्याशिवाय ठरेना.

मराठीत ब्रीडलाही आपण 'जात'च म्हणतो. जातिवंत बैल म्हणजे कुठेही नेला तरी जातिवंत, हे त्या शब्दातच गृहीत असतं. गुरांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढू नयेत, मीही काढत नाही. पण जे काढतात त्यांनी निदान गुरांचा हिशोब तरी पुरता वाचावा.

एडिंबरोच्या डग्लस फॉल्कनर यांनी १९५२ मध्येच यावर एक सोपी युक्ती सुचवली होती. दोन ठिकाणचं वजन हा एकच गुण न मानता दोन वेगळे गुण समजा, आणि त्यांच्यात अनुवांशिक संबंध किती घट्ट आहे ते पाहा. संबंध सैल असेल, तर एका ठिकाणी निवडलेला वळू दुसरीकडे फारसा कामाचा नाही.

मला सगळ्यात आवडतो तो ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनचा प्रयोग. उष्णता, गोचीड, जंत, डोळ्यांचे आजार अशा परिस्थितीत जॉन फ्रिश यांनी वेगाने वाढणारी जनावरं पिढ्यानपिढ्या निवडली. वाढ सुधारली. पण १९८१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की सुधारली होती ती मुख्यतः सोसण्याची ताकद. हे त्रास दूर केल्यावर त्या जनावरांची आघाडी उरली नाही. शिवाय उपाशीपोटी शरीर चालू ठेवायला त्यांना ऊर्जाही कमी लागत होती. वजनाचा काटा एकच आकडा दाखवतो. त्यामागे भूक आहे की चिवटपणा, हे काट्याला कळत नाही.

प्रजननाचं गणित याहून कडक आहे. गाईचा गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. दरवर्षी एक वासरू हवं असेल, तर व्यायल्यानंतर ८२ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. चारा अपुरा असला की शरीर आधी स्वतःला जगवतं, मग दूध, आणि माजावर येणं सगळ्यात शेवटी. भरपूर चाऱ्यावर मोठ्या, दुधाळ गाई निवडत गेलं आणि त्यांच्या लेकी उजाड कुरणावर सोडल्या, तर त्याच रिकाम्या राहतात. दोष बहुधा गाईला दिला जातो! त्यात गाभण राहण्याची आनुवंशिकता वाढीपेक्षा बरीच कमी, त्यामुळे चुकीची निवड ध्यानात येईपर्यंत काही पिढ्या उलटतात.

उष्ण भागांतल्या अमेरिकी पशुपालकांनी यावर तोडगा काढला तो आपल्याकडूनच. अमेरिकन ब्राह्मन ही जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांच्या रक्तातून घडवलेली आहे.

कोलोरॅडोच्या डोंगरांत पेच निराळा. विरळ हवेत काही गुरांच्या फुफ्फुसातल्या धमनीचा दाब वाढतो आणि हृदय निकामी होऊन ती मरतात. ही प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, म्हणून तिथले पशुपालक वळू घेण्याआधी हा दाब तपासतात. पण खाली मैदानात केलेली तपासणी फारशी उपयोगी पडत नाही. वळूला आधी वर न्यावं लागतं, काही आठवडे तिथे ठेवावं लागतं, आणि मगच दाब मोजावा लागतो.