सर्व्हरची सरासरी आणि खिडकीपुढील रांग



पिरनवाडीहून बेळगावच्या कचेरीत उताऱ्यासाठी गेलेल्या शेतकऱ्याच्या कानी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द पडले, की त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडालाच. ‘भूमी’ योजनेखाली या शतकाच्या आरंभी कर्नाटकातील सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी उतारे संगणकावर आले, ही सोय लहान नव्हे. परंतु तलाठ्याच्या दप्तराची जागा सर्व्हरने घेतल्यावर तो सर्वकाळ सारखाच चालतो काय, हे मोजणे अगत्याचे ठरते.

येथे सरासरी दगा देते. शंभर मागण्यांपैकी ९५ एकेका सेकंदात पुऱ्या झाल्या व पाचांना प्रत्येकी ३० सेकंद लागले, तर सरासरी अडीच सेकंदांहूनही कमी भरते. कागदोपत्री काम उत्तम! म्हणून जाणकार सर्व मागण्या वेळेच्या चढत्या क्रमाने लावून नव्याण्णवावीला किती वेळ लागला, तेही पाहतात.

दुसरी गोष्ट भाराची. डॅनिश गणिती एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या मागण्यांचा हिशेब मांडला. त्यातूनच रांगेचे गणित वाढले. लोक अनियमित येत असतील आणि कामेही लहानमोठी असतील, तर खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असता माणसाला सरासरी कामाच्या दुप्पट वेळ लागतो; दहांतील नऊ भाग गुंतली की दसपट. गर्दी दुपटीनेही वाढलेली नसते, वेळ मात्र पाचपट होतो. २८ एप्रिल २०२१ रोजी ‘को-विन’वर १८ वर्षांवरील नागरिकांची नोंदणी दुपारी चारला खुली झाली, तेव्हा आरंभी अनेकांना प्रवेशच मिळेना, तरी दिवसअखेर १ कोटी ३० लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या.

तेव्हा रात्रीच्या निवांत वेळी एकदाच घेतलेली परीक्षा पुरेशी नव्हे. भार पायरीपायरीने वाढवावा, मध्येच एकदम झुंबड उडवावी, मध्यम भार दिवसभर चालू ठेवावा. आणि तीच चाचणी पुन्हा घेतल्यास तेच आकडे येतात काय, हे पाहावे.

अहवालात ‘सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू’ असे येते. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे, अर्थात कचेरीचा जवळजवळ एक अख्खा दिवस. ते तास मध्यरात्री गेले की सोमवारी कामाच्या वेळेत, हे अहवालात यावयास हवे. खिडकीवरील कर्मचाऱ्याने बंद पडल्याची व सुरू झाल्याची वेळ वहीत टिपून ठेवली, तर गावालाही हा हिशेब पडताळता येईल.