अंगावरचं दूध आणि नदीचा गाळ
(महिला शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



आज जमिनीच्या दाव्यांवर बोलायचं आहे, ते बोलूच. पण सकाळच्या गटात बायांनी एक प्रश्न काढला, तो आधी घेते, कारण तोही जमिनीचाच प्रश्न आहे. शेतात मारायच्या औषधाचं विष आईच्या दुधात उतरतं का? आणि उतरत असेल तर लेकराला अंगावर पाजावं का नाही?

उत्तर दोन भागांत आहे. हो, उतरतं. आणि तरीही पाजावंच. दोन्ही खरं कसं, ते समजून घेऊ.

काही विषं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. डीडीटी तसलं आहे. गॅमेक्सिन पावडर तसलीच. ही विषं लघवीवाटे लवकर निघून जात नाहीत, अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं बसून राहतात. दूध तयार होताना बाईच्या अंगातली चरबी वापरली जाते, तिच्यासोबत विषही येतं. पोटातल्या बाळाला तर ते नाळेतूनच पोचतं. त्याला वास नाही, चव नाही. दूध बघून काही कळत नाही.

आता एक खरी गोष्ट ऐका. अमेरिका आणि कॅनडाच्या हद्दीवर सेंट लॉरेन्स नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी अक्वेसास्ने इथं मोहॉक आदिवासी राहतात. मासे हेच त्यांचं मुख्य खाणं. १९५९ साली त्यांच्या शेजारी जनरल मोटर्स कंपनीचा ओतकामाचा कारखाना सुरू झाला. तिथल्या यंत्रांत पीसीबी नावाचं तेल वापरायचे. ते नदीत गेलं, गाळात बसलं. गाळातले किडे लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांनी, आणि मोठे मासे माणसांनी. प्रत्येक पायरीला विष वाढत गेलं. नदी नासली कंपनीने, विष साठलं आईच्या अंगात.

तिथं कात्सी कुक नावाची मोहॉक सुईण आहे. बाळंतिणी तिला हेच विचारू लागल्या, जे तुम्ही आज विचारलंत. तिनं १९८०च्या दशकात आईच्या दुधाची तपासणी सुरू करायला लावली. पण एक अट घातली. बाहेरचे शास्त्रज्ञ येणार, नमुने घेणार आणि निघून जाणार, असं चालणार नाही. गावच्या बाया कामात राहतील आणि निकाल आधी आम्हाला सांगायचा. तिचं म्हणणं असं की बाईचं शरीर हे माणसाचं पहिलं पर्यावरण आहे.

निकाल काय आला? १९८६ ते १९८९ मध्ये बाळंत झालेल्या मोहॉक बायांच्या दुधात त्या तेलाचे काही प्रकार दुसऱ्या गावच्या बायांपेक्षा जास्त निघाले. १९९१-९२ पर्यंत तो फरक उरला नाही. का? नदी स्वच्छ झाली म्हणून नाही. बायांनी नदीचे मासे खाणं सोडलं म्हणून. म्हणजे लेकरं वाचवायला आईने आपलं अन्न सोडलं. जाळं गेलं, पोरांना मासेमारी शिकवणं गेलं, बाजारचं अन्न घरात आलं. जमीन कागदावर आपली राहिली आणि तिच्यातलं खाता आलं नाही, तर ती आपली राहिली का?

कोणी म्हणेल, आपण डोंगरात राहतो, इथं कुठे कारखाना? उत्तर ध्रुवाकडे इन्युइट आदिवासी बर्फात राहतात, तिथंही कारखाना नाही. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात त्यांच्या आयांचं दूध तपासलं ते स्वच्छ दुधाचा नमुना मिळावा म्हणून. त्यात शहराकडच्या आयांपेक्षा पाचपट पीसीबी निघालं. वारा आणि समुद्र विष तिथवर नेतात, सील-व्हेलच्या चरबीतून ते माणसात येतं. त्या इन्युइटांनी जगाच्या बैठकांत जाऊन भांडण केलं. त्यांची पुढारी शीला वॉट-क्लूटिए हिने आई आणि लेकराची कोरलेली मूर्ती बैठकीच्या टेबलावर नेऊन ठेवली. २००१ साली स्टॉकहोम करार झाला, त्यात अशी बारा विषं बंद करायचं किंवा आवळायचं ठरलं. थोडे लोक, पण नेटाने बोलले.

आता आपलं. आपल्या देशात शेतीसाठी डीडीटी १९८९ पासून बंद आहे. हिवतापाच्या फवारणीला मात्र चालतं. घराच्या भिंतीवर पांढरे डाग आपण सगळ्यांनी पाहिलेत. हिवतापही माणूस मारतो, म्हणून फवारणी एकदम बंद करा असं मी म्हणत नाही. पण आधी सांगून फवारा, धान्य-पाणी झाकायला वेळ द्या, मच्छरदाण्या द्या, एवढं मागायचा आपला हक्क आहे.

मग अंगावर पाजायचं का? पाजायचंच. पहिला चीक फेकू नका. सहा महिने निव्वळ आईचं दूध, पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात रोगाशी लढायची ताकद आहे, ती डब्यातल्या पावडरीत नाही. पावडर कालवायची ओढ्याच्या पाण्यात, बाटली धुवायची त्याच पाण्यात, मग हगवण लागते आणि लेकरू हातचं जातं. ते विषापेक्षा जवळचं मरण आहे. शिवाय पीसीबीसारख्या विषाचा मोठा घाव बाळ पोटात असतानाच बसतो असं अभ्यासात दिसलं आहे. पाजणं बंद करून तो भरून येत नाही. दूध थांबवायचं नाही, विष थांबवायचं.

घरी काय करायचं:

१. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईने पंप मारायला जायचं नाही, औषध कालवायचं नाही. मालकाने सांगितलं तरी नाही.

२. औषध मारून आलेल्या गड्याने अंघोळ करून, कपडे बदलूनच लेकराला घ्यायचं. ते कपडे वेगळे धुवायचे, पाणवठ्यावर नाही.

३. औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी, तेल, दाणे भरायचे नाहीत. धुतला तरी नाही. भोक पाडून निकामी करायचा.

४. औषध टाकून मासे मारायचे नाहीत. तोच मासा आपल्या ताटात येतो.

५. मिश्री सोडा. तंबाखूचं विषही दुधात उतरतं, आणि हे बंद करणं आपल्याच हातात आहे.

पण बायांनो, सगळं ओझं आईच्या डोक्यावर टाकू नका. मोहॉक बायांवर तेच झालं. म्हणून हा विषय ग्रामसभेत आणा. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गावाची साधनसंपत्ती राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला काय टाकलं जातं, कोण टाकतं, याची नोंद करा. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत तहसीलला द्या, एक आपल्याजवळ ठेवा. दाव्याच्या अर्जात जसं आपण शेत, विहीर, झाड दाखवतो, तसं पाणीही दाखवू.

जोहार! जिंदाबाद!