६१७४ : एका शाळामास्तरांची संख्या

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी गणिताचा पदवीधर नाही. बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. शाळेची गरज म्हणून गणित शिकवू लागलो. आज आपल्यापुढे एकच संख्या ठेवतो : ६१७४.

विद्यार्थ्यांनो, कागद-पेन्सिल घ्या. चार अंकी कोणतीही संख्या लिहा. मात्र चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. शून्य गाळायचे नाही. आपण १९०५ घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत याच मुक्कामी पोहोचाल.

१९०५ मी मुद्दाम घेतले. त्या वर्षी १७ जानेवारीला डहाणूला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. फर्ग्युसन कॉलेजात शिकत असता १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चा हा गुण शोधला. काही जाणकारांना त्यांचे काम पोरखेळ वाटले. पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये ते वारले. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी संख्या म्हटले. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भागाकार ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात!

पालकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. वरच्या प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो, कारण वजा होणाऱ्या दोन्ही संख्यांचे अंक तेच असतात. म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ आली नाही, तर वजाबाकी चुकली समजा. खामगावच्या बाजारात कापसाचा हिशोब तोंडी करणाऱ्या अब्बांना आणि घरखर्च बोटांवर मोजणाऱ्या अम्मींना ही तपासणी सहज जमेल.

शेवटी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने वहीची मागची पाने असल्याच अंकांच्या खेळांनी भरली होती. मी वही वर्गाला दाखवून म्हणालो, "हे परीक्षेत येणार नाही." वर्ग हसला. त्या वर्षी ती गणितात नापास झाली आणि घरच्यांनी तिची शाळा सोडवली. सारा दोष माझा नसेल. पण कापरेकरांना हसणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा होतो, हे मला विसरता येत नाही.

म्हणून पालकांना हात जोडून विनंती आहे : एका विषयात नापास झाली म्हणून मुलीला घरी बसवू नका. आणि आम्हा शिक्षकांनी वहीची मागची पानेही वाचावीत.