घरातील स्टिरिओसाठी जुना ॲम्प्लिफायर घेताना



या व्यासपीठावर इतिहास, राजकारण आणि वाङ्मय यांवर बोलण्याची वहिवाट आहे. आम्ही मात्र आज एका जुन्या पेटीविषयी बोलणार आहोत. आपण ते गोड मानून घ्यावे.

वडिलांच्या मागे आमच्या वाट्याला दोन स्पीकर आणि शंभरेक ध्वनिमुद्रिका आल्या. ॲम्प्लिफायर तेवढा नव्हता. नवा परवडेना, म्हणून एका विक्रेत्याकडून जुना घेतला व एस.टी.ने मांडीवर ठेवून नगरला आणला. घरी खटका दाबताच 'धप्' असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि वडिलांचा डावा स्पीकर मुका झाला. दोष विक्रेत्याचा की आमचा? आमचाच अधिक. आम्ही पेटीची चकाकी पाहिली. पेटी तपासली नाही.

झाले ते असे. स्पीकरला हवा असतो तो उलटसुलट वाहणारा प्रवाह. आतील ट्रान्झिस्टर जळून जोडला गेला, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह थेट स्पीकरच्या वेटोळ्यात शिरतो व ते जळते. म्हणून स्पीकर जोडण्यापूर्वी जाणत्याकडून मीटर लावून घ्यावा. तेथे एकदिश दाब काही मिलिव्होल्ट निघाला तर चिंता नाही. व्होल्टांत निघाला तर नमस्कार करून परत फिरावे. नंतरही पहिला तासभर एखादा स्वस्तातला स्पीकरच लावावा.

आवाजाची कळ फिरवताना खरखर झाली तर भिऊ नये. ती बहुधा धूळ असते व साफ करता येते. पण गाणे बंद असतानाही 'घूं' असा आवाज येत राहिला, तर कपॅसिटर सुकले असण्याचा संभव असतो. तो खर्च किमतीत आधीच धरावा. खास जपानसाठी केलेली यंत्रे १०० व्होल्टची असतात. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. मधे ट्रान्सफॉर्मर न घालता ती लावणे म्हणजे होळीच. मांडवातला ॲम्प्लिफायर सभेसाठी उत्तम. पण तो बहुधा एकाच वाटेचा असतो, त्यातून डावे-उजवे निघत नाही. वॅटच्या आकड्यालाही भुलू नये. ५० चे १०० वॅट केले तरी आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबल.

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, एक प्रश्न विसरू नये : "झाकण उघडून, चालू करून दाखवता का?" 'हो' म्हणणाऱ्याकडे दोन पैसे जास्त द्यावेत. आणि त्याआधी आपल्या गावात ती पेटी दुरुस्त करणारा कोण, हे विचारून ठेवावे. वस्तू जुनी घ्यायची, तर तिच्याबरोबर एक जाणता माणूसही जोडावा लागतो.

आम्हाला तसा माणूस नगरातच भेटला. पण स्पीकर गेल्यावर. त्याने नवे वेटोळे बसवून दिले. आवाज पूर्वीचा नाही, पण वडिलांच्या तबकड्या घरात पुन्हा वाजू लागल्या आहेत. आपण त्या माणसाकडे आमच्या आधी जावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.