तीन घरे आधी
(बेलपाडा येथील पालक-विद्यार्थी सभेतील भाषण)



मागे एक पालक मुलीची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आले. "सर, हिचं गणित बंद करावं म्हणतो." प्रश्न होता : २ च्या क्ष व्या घाताचा आलेख तीन एकके डावीकडे सरकवल्यास समीकरण कोणते? अपेक्षित उत्तर, २ चा (क्ष + ३) वा घात. मुलीने लिहिले होते, ८ गुणिले २ चा क्ष वा घात. शेजारी लाल फुली. सरकवायला सांगितले आणि ही गुणाकार करून बसली!

आता बुद्धिबळाचा पट घ्या. पहिल्या घरात तांदळाचा १ दाणा, मग २, ४, ८, १६. दर घरी दुप्पट. दुसऱ्या पटावर हीच रांग तीन घरे डावीकडे सरकवा. पहिले तीन आकडे पटाबाहेर जातील, पहिल्याच घरात ८ येतील, पुढे १६, ३२, ६४. दोन्ही पट शेजारी ठेवून पाहा. प्रत्येक घरात बरोबर आठपट! तीन घरे म्हणजे तीनदा दुप्पट. सरकवले म्हणा वा आठपट केले म्हणा, दाणे तेवढेच. मुलीचे उत्तर बरोबर होते.

ही गंमत सर्व आलेखांत नाही. दाणे १, ३, ५, ७ असे वाढवले, तर तीन घरे सरकवून सगळीकडे ६ ची भर पडते, ठरावीक पट होत नाही. आणि मुलांनो, आलेख तीन एकके वर सरकवणे निराळे. तिथे आठपट लिहून फुली मिळाली, तर तक्रार घेऊन येऊ नका.

अल्-बिरूनी यांनी इ. स. १००० च्या सुमारास 'अल्-आसार अल्-बाकिया' या ग्रंथात याच पटाचा हिशेब केला. ६४ घरांचे मिळून दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. एकेक घर मिळवीत ते बसले नाहीत. पाचव्या घरातल्या १६ चा वर्ग २५६, आणि तीच नवव्या घरातली संख्या. चार घरे पुढे जाणे म्हणजे १६ ने गुणणे, हे त्यांनी हेरले होते.

मग दाणे पाचपट हवे असतील तर किती घरे सरकावे? दोन घरांनी चौपट, तीन घरांनी आठपट. म्हणजे मधेच कुठेतरी. हा प्रश्न मी त्या मुलीलाच घातला. तिने लॉगच्या कोष्टकातून ०.६९९० ला ०.३०१० ने भागले आणि म्हणाली, "सुमारे २.३२ घरे, सर."

वडिलांनी उत्तरपत्रिकेची घडी घातली, खिशात ठेवली आणि मुलीला घेऊन थेट शाळेत गेले.